शर्टाची किंमत नऊ पौंड पंधरा पेन्स

तिखटमीठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज हात शिवशिवले. विषय लांबचा आहे, पण इथे मास्तर लोक भरपूर आहेत आणि परीक्षेवर बोलायला मराठी माणसाला निमित्त लागत नाही, म्हणून धीर केला.

आम्ही सहा वर्षांपासून यीवूला राहतो. चीनच्या झेजियांग प्रांतातलं किरकोळ मालाच्या घाऊक बाजाराचं गाव. नवऱ्याचं काम माल बघायचा, भाव ठरवायचा, कंटेनर भरून द्यायचा. गणपतीच्या आधी रविवार पेठेत घासाघीस करून तुम्ही जी दिव्यांची माळ घेता, ती आमच्या ओळखीची असू शकते. असो.

शेजारी वांगबाई राहतात. त्यांची मुलगी यंदा ‘काओसान’ला, म्हणजे आपली बारावी. शाळेत सगळ्यांना एकेक इंग्रजी नाव घ्यायला लावलं तेव्हापासून ती चेरी. वसतिगृहात राहते, रविवारी दुपारी घरी येते आणि संध्याकाळच्या अभ्यासाला परत जाते. त्यातले दोन तास वांगबाईंनी माझ्याकडे सोपवलेत. ‘शिकवू नका, नुसतं इंग्रजीत बोला, कान तयार होऊ दे.’ फी म्हणून डंपलिंगचा डबा येतो. मी शाकाहारी आहे हे त्यांनी आता मान्य केलंय.

पहिल्या रविवारी मी आपलं इंग्रजीत विचारलं, पाऊस थांबला का, चहा घेणार की सरबत? चेरी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा विचारल्यावर ‘टी’ एवढंच म्हणाली, तेही बहुधा टेबलावरचा कप बघून. मग दप्तरातून सरावाचा पेपर काढला, फोनवर ध्वनिफीत लावली आणि वीस मिनिटांत ऐकण्याचा भाग सोडवून मोकळी. तीसपैकी सत्तावीस! मीही शेजारी बसून एका पावतीच्या मागे उत्तरं लिहीत होते. मला साडेपंचवीस. पुण्यात आठ वर्षं बँकेत इंग्रजीत फोन घेतलेत हो मी.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. जिला माझा चहा कळला नाही तिला सत्तावीस, तर ही परीक्षा मोजते काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘गाओकाओ’ ही विद्यापीठ प्रवेशाची देशव्यापी परीक्षा, ७ जूनपासून. २०२४ साली १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलांनी नाव नोंदवलं होतं. एकूण ७५० गुण, त्यात चिनी, गणित आणि परकी भाषा प्रत्येकी १५०. परकी भाषेत रशियन, जपानी, फ्रेंचही चालते, पण बहुतेक सगळे इंग्रजीच घेतात. आमच्याकडच्या पेपरात १५० पैकी ऐकणं ३०, वाचन ५०, गाळलेल्या जागा आणि व्याकरण मिळून ३०, लेखन ४०. दोन तास.

ऐकण्याचे वीस प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, तीन पर्याय. आधी पाच छोटे संवाद, ते एकदाच ऐकवतात. मग पाच मोठे संवाद किंवा एकट्याचं बोलणं, ते दोनदा. छोट्या संवादानंतर दहा सेकंद मिळतात, त्यातच उत्तर ठरवायचं आणि पुढचा प्रश्न वाचून काढायचा. शेवटी उत्तरपत्रिकेतले चौकोन काळे करायला दोन मिनिटं.

आणि सगळ्याच्या आधी नमुना प्रश्न: शर्ट केवढ्याला? १९.१५ पौंड, ९.१८ पौंड की ९.१५ पौंड? खाली उत्तरही छापलेलं, ‘सी’. वर्षानुवर्षं तोच शर्ट, तोच भाव. इथल्या नेटवर ‘शर्टाची किंमत नऊ पौंड पंधरा पेन्स’ हा पिढीचा विनोद झालाय. चेरी म्हणाली, ते कोणी ऐकत नाही, तेवढ्या वेळात पहिल्या संवादांचे पर्याय वाचून घ्यायचे असतात. न ऐकताही प्रत्येकाला पाठ!

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बेसनलाडू

वाचतोय. शर्ट स्वस्त आहे.

खडू-डस्टर

ताई, धागा झकास. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, सातारा जिल्हा. थोडं बोलतो.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच मजकुरात आहे. चेरीने पर्याय आधी वाचले होते. पर्याय समोर असले की माणूस ऐकत नाही, शोधतो. ‘ते कुठे भेटणार? ए. ग्रंथालयात, बी. स्थानकावर, सी. हॉटेलात’ हे वाचून बसलं की कानाला फक्त तीन शब्दांची वाट बघायची असते. तुम्ही चहा विचारलात तेव्हा तिच्यापुढे पर्याय छापलेले नव्हते. एकदम विषय पावसावरून सरबतावर गेला. शिवाय तुमची इंग्रजी ही तुमची इंग्रजी. फितीतला आवाज लंडनचा नाहीतर अमेरिकेचा, तोही स्टुडिओत बसून, एकाने संपवल्यावर दुसऱ्याने सुरू करायचं अशा शिस्तीत.

आता आपलं सांगतो, म्हणजे चीनला नावं ठेवल्यासारखं व्हायला नको. आपल्याकडे बारावीला लेखी ८० आणि तोंडी वगैरेचे २०. ऐकणं-बोलणं त्या विसात. ते वीस गुण मी स्वतःच्या हाताने दिलेत. एका वर्गात नव्वद पोरं, दोन दिवस, एक मास्तर. टेपरेकॉर्डर कपाटात, किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. मग मीच खुर्चीत बसून उतारा वाचायचा आणि सतरा-अठरा-एकोणीस असे आकडे मांडायचे. पोराला इंग्रजी ऐकता येतं का, हे कुणी मोजलंच नाही. मीही नाही. त्यांच्याकडे निदान फीत तरी वाजते.

उंटावरचा

घोकंपट्टीचा देश आहे, त्यात नवल काय? सत्तावीस गुण पाठांतराचे. समजत काही नसणार.

तिखटमीठ

@उंटावरचा, ऐकण्याच्या प्रश्नात पाठ काय करणार? फीत दर वर्षी नवी असते. (शर्ट सोडून.)

@खडू-डस्टर सर, उच्चाराचं अगदी खरं. चेरीने मला हळूहळू सांगितलं तेव्हा लाजच वाटली. मी ‘थ्री’ म्हणते ते तिला ‘ट्री’ ऐकू येतं, कारण माझा थ हा थालीपिठातला थ. आणि ‘वाइन’ म्हटलं की तिला वेल की दारू कळत नाही, दोन्ही व मी एकाच ओठाने म्हणते. फितीवर हे दोन वेगळे आवाज तिने शेकडो वेळा ऐकलेत. मी कधीच केले नाहीत, मला गरजच पडली नव्हती.

उलटही मजा आहे. सकाळच्या मोठ्याने वाचायच्या तासाला ते जे म्हणतात त्याची सुरुवात आपल्या ‘चमच्यातल्या च’ने होते. ‘चाओ-तू’. इथल्या युरोपियन शेजाऱ्यांना तो जमत नाही, मला आयता येतो. एवढा एकच गुण माझा जास्त.

मध्यमान

परीक्षा तयार करणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा (पुणे, प्रवेश परीक्षांचं काम), म्हणून लांबलचक लिहितोय. कंटाळा आला तर पुढे जा.

पहिली गोष्ट हिशोबाची. वीस प्रश्न, तीन पर्याय, दीड गुण. डोळे मिटून ‘सी’ भरत गेलं तरी सरासरी १० गुण पदरात पडतात. म्हणजे तीसची पट्टी खरं तर दहापासून सुरू होते. सत्तावीस आणि साडेपंचवीस यांत एका प्रश्नाचा फरक, तो मनाला लावून घेऊ नका.

मग चौथा पर्याय का नाही? वाचनाला चार असतात, ऐकण्याला तीनच, आणि ते मुद्दाम आहे. ऐकताना चार पर्याय डोळ्यांनी वाचायचे म्हटलं की तुम्ही कान मोजताय की वाचायचा वेग, हे सांगता येत नाही. आधीच ‘शोधणं’ आणि ‘ऐकणं’ मिसळलेलं आहे, सर म्हणतात तसं. एकदा की दोनदा ऐकवायचं यावरही आमच्यात कायमचं भांडण आहे. खऱ्या आयुष्यात कोणी दोनदा बोलत नाही, हा एक पक्ष. खऱ्या आयुष्यात ‘काय म्हणालात?’ विचारता येतं, फितीला विचारता येत नाही, हा दुसरा. चीनने दोन्ही पक्षांना निम्मं-निम्मं दिलं.

दुसरी गोष्ट, हे पर्यायवाले प्रश्न जुनाट म्हणून राहिलेत असं कुणाला वाटेल. उलट आहे. १९८५ साली क्वांगतोंग प्रांतात क्वेई शिचुन यांच्यासारख्या भाषातज्ज्ञांनी ही पद्धत आणली ती सुधारणा म्हणून. त्याआधीच्या पेपरांत भाषांतर आणि व्याकरणाचे नियम यांचाच बोलबाला. नव्या पेपरने म्हटलं, भाषा वापरता येते का ते बघू. लाखो उत्तरपत्रिका सगळ्यांसाठी सारख्याच तपासल्या जातील, हा त्यात दुसरा फायदा.

पुढे काय झालं ते छी लुशिया यांनी २००५ साली ‘लँग्वेज टेस्टिंग’ नियतकालिकात मांडलं. त्याच विषयातल्या संशोधक आहेत. पेपर काढणाऱ्यांना वाटत होतं की परीक्षा बदलली की शिकवणं बदलेल, वर्गात इंग्रजी वापरली जाईल. शाळांनी पेपरचा साचा शिकवायला घेतला. कारण त्याच पेपरवर प्रवेश ठरतो आणि शाळेचं नावही. एकाच कागदाने शिकवणं सुधारायचं आणि त्याच कागदाने पोरं चाळायची. दुसरं काम जिंकलं.

गुलबकावली

राली, नॉर्थ कॅरोलिना. आमच्या लॅबमध्ये तीन चिनी मुली होत्या. पेपर वाचण्यात माझ्या दुप्पट वेगाच्या, आणि मीटिंगमध्ये गप्प. त्यांनीच शब्द शिकवला, ‘याबा यिंग्यू’, मुकी इंग्रजी. वाचता येते, ऐकता येते, तोंडातून निघत नाही.

पण माझीही गंमत सांगते. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात गाडीतूनच खाणं मागवायला गेले. त्या खांबावरच्या स्पीकरमधून जे काही आलं त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. तीनदा ‘सॉरी?’ म्हटलं आणि शेवटी सगळ्याला ‘येस’ म्हणत गेले. घरी आले तर पिशवीत बटाट्याचे तीन डबे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तर चहाबद्दल चेरीला माफ करा.

चकली

अवांतर: कोरियात तर इंग्रजी ऐकण्याच्या वेळी विमानांची उड्डाणं आणि उतरणं साधारण ३५ मिनिटं बंद ठेवतात. चीनमध्येही असं आहे का?

तिखटमीठ

@चकली, विमानांचं ऐकलं नाही. पण केंद्राजवळ हॉर्न बंद, बांधकामं बंद, पोलीस चौकाचौकात. आणि एक नियम भारी आहे. इंग्रजीचा पेपर ८ जूनला दुपारी तीनला सुरू होतो आणि ऐकणं अगदी पहिलंच. म्हणून पावणेतीननंतर आलेल्याला आत घेत नाहीत. बाकी विषयांना उशिराची थोडी सवलत असते, इंग्रजीला शून्य. वांगबाई दुपारचं जेवणही केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर ठरवणार आहेत. टॅक्सीवर भरवसा नाही.

@उंटावरचा, वाचनाबद्दल सांगते, तिथे तुमचा मुद्दा थोडा लागू होईल. चार उतारे असतात, ए ते डी, आणि पंधरा प्रश्न अडीच-अडीच गुणांचे. ए म्हणजे जाहिरात, वेळापत्रक, माहितीपत्रक. २०२३च्या पेपरात अ‍ॅमस्टरडॅममध्ये सायकल भाड्याने घ्यायची माहिती होती. डी सगळ्यात जड, बहुतेक विज्ञानावरचा. मजकूर परदेशी लेखनातून घेऊन बेतलेला असतो, म्हणजे खरीखुरी इंग्रजी.

चेरी उतारा वाचतच नाही! आधी प्रश्न वाचते, त्यातल्या ठळक शब्दाखाली रेघ मारते, मग उताऱ्यात तो शब्द शोधते आणि आजूबाजूची दोन वाक्यं वाचते. पर्यायातला शब्द उताऱ्यातल्या शब्दाशी हुबेहूब जुळत असेल तर तो सापळा, अर्थाने जुळत असेल तर उत्तर. तिच्या बाईंनी हे सगळं पायऱ्यांत शिकवलंय. आणि काहीच कळलं नाही तर त्यांच्यात एक म्हण आहे, ‘तीन आखूड एक लांब तर लांब घ्या, तीन लांब एक आखूड तर आखूड घ्या.’

मी विचारलं, सायकलचा उतारा वाचून आपण दोघींनी अ‍ॅमस्टरडॅमला जायचं झालं तर कोणती सायकल घ्यायची? म्हणाली, असा प्रश्न येत नाही.

खडू-डस्टर

ती म्हण आमच्या पोरांनाही पाठ होती, फक्त आमच्याकडे ‘काही येत नसेल तर बी’ अशी होती.

ताई, शब्द किती लागतात हो त्यांना?

तिखटमीठ

साडेतीन हजार, असं सगळे म्हणतात. अभ्यासक्रमात तीन हजारांच्या थोडा वरचा आकडा आहे. शब्दांच्या पुस्तकातला पहिलाच शब्द ‘अबँडन’, म्हणजे सोडून देणे. मुलं तिथेच पुस्तक सोडून देतात, हाही त्यांचा ठरलेला विनोद.

कोपऱ्यातला

झेजियांगमध्ये इंग्रजी वर्षातून दोनदा देता येते असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का? आणि मग दोन पेपर सारखे अवघड कसे ठेवतात? आपल्याकडे सीईटी अनेक सत्रांत होते म्हणून पर्सेंटाइल काढतात, त्यावरून दर वर्षी पालक गरम होतात.

तिखटमीठ

खरं आहे. जानेवारीत एकदा आणि जूनमध्ये एकदा, दोन्हींतला जास्तीचा गुण धरतात. चेरीचा पहिला पेपर जानेवारीत झाला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर @मध्यमान देतील, मला फक्त २०१८चं नाव घेतलं की वांगबाईंच्या कपाळावर येणारी आठी माहीत आहे. त्यांची भाची त्या तुकडीत होती.

मध्यमान

@कोपऱ्यातला, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. त्या प्रकरणावर आम्ही नव्या मुलांना एक अख्खा तास घेतो.

नव्या पद्धतीतली पहिली इंग्रजी परीक्षा झेजियांगमध्ये ऑक्टोबर २०१६ला झाली. दोन संधी, जास्तीचा गुण धरायचा. ऐकायला छान. पण दोन पेपर कधीच सारखे अवघड नसतात, कितीही हुशार माणूस काढो. नोव्हेंबर २०१८चा पेपर आधीच्या वर्षीपेक्षा अवघड गेला. अधिकाऱ्यांनी विचार केला, मुलांचं नुकसान नको. म्हणून वाचनातले काही प्रश्न आणि गाळलेल्या जागांतले काही प्रश्न यांना जास्त वजन देऊन गुण लावले.

निकाल लागला आणि पोरांनी वर्गात आपापली उत्तरं जुळवली. दोघांचे तेवढेच प्रश्न चुकलेत आणि गुण वेगळे! ज्याने जड प्रश्न बरोबर सोडवले त्याला फायदा, ज्याचे नेमके तेच हुकले त्याला काहीच नाही. आणि हे वजन देणार, असं परीक्षेआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. पालक रस्त्यावर आले, प्रांत सरकारने चौकशी बसवली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निर्णय चुकीचा ठरवून वजन रद्द केलं, मूळ गुण परत दिले. प्रांताच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखांची खुर्ची गेली.

आता तांत्रिक भाग. दोन पेपर एका पट्टीवर आणायचा सभ्य मार्ग म्हणजे दोन्हींत काही प्रश्न सामायिक ठेवायचे. ते दोन्ही गटांनी सोडवले की कळतं, गट हुशार होता की पेपर सोपा होता. टोफेलसारख्या परीक्षा हे करू शकतात कारण त्यांचे प्रश्न कुलपात राहतात. गाओकाओचा पेपर संपला की संध्याकाळपर्यंत देशभर फिरतो, शिक्षक सोडवून दाखवतात, पुढच्या वर्षीच्या सरावाच्या पुस्तकात छापतात. तो प्रश्न पुन्हा वापरणार कसा? कुलूप लावायचं म्हटलं तर पालक म्हणतील, लपवता काय? उघडं ठेवलं तर दोन पेपर जुळवता येत नाहीत. तिथले अधिकारी ह्या कचाट्यात अडकले, आणि सुटायला त्यांनी सगळ्यात वाईट दार निवडलं, निकाल तयार करताना गुपचूप वजन.

सीईटीत आपण पर्सेंटाइल लावतो तेव्हा प्रत्येक सत्रातली मुलं सरासरीने सारखीच असं गृहीत धरतो. सत्रं मुलांना यादृच्छिक वाटली तर ते चालून जातं. झेजियांगमध्ये तेही चालत नाही. पहिल्या खेपेला बहुतेक सगळे बसतात, दुसऱ्या खेपेला ज्यांना सुधारायचंय ते. गट वेगळे.

तिखटमीठताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. परीक्षा काय मोजते? जे एक कोटी पालकांसमोर उभं राहून सिद्ध करता येतं, तेवढंच मोजते. ‘चेरीला चहा कळला का’ यावर दोन परीक्षक दोन गुण देतील, आणि तिसऱ्या दिवशी फाटकासमोर मोर्चा असेल. ‘सी बरोबर’ यावर मोर्चा निघत नाही.

उंटावरचा

हे पटलं. माझा आधीचा प्रतिसाद घाईचा होता.

बेसनलाडू

@उंटावरचा, फोटो काढून ठेवा कुणीतरी.

गुलबकावली

मग बोलणं मोजतच नाहीत का कुठे?

मध्यमान

मोजतात, यंत्रासमोर. क्वांगतोंगने २०११पासून ऐकणं-बोलणं संगणकावर नेलं. चित्रफीत बघून तसंच वाचायचं, मग भूमिका घेऊन प्रश्न विचारायचे, मग ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची. बीजिंगने आधी ऐकण्याचे ३० गुण लेखी पेपरातून बाहेर काढून संगणकावर वर्षातून दोनदा घेतले, २०२१च्या तुकडीपासून बोलण्याचे २० जोडले. डिसेंबर आणि मार्च, चांगला गुण धरायचा. उलट काही प्रांतांत वर्षानुवर्षं ऐकण्याचे गुण एकुणात धरलेच जात नव्हते, उरलेल्या १२०ला सव्वापट करून १५० करायचे. कारण साधं, खेड्यातल्या शाळेत स्पीकर खरखरतो आणि शहरात हेडफोन असतात. ऐकणं धरलं तर खेड्यातल्यावर अन्याय, नाही धरलं तर खेड्यात ऐकणं कोणी शिकवत नाही.

खडू-डस्टर

शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. आमच्या कपाटातला टेपरेकॉर्डर आठवला.

वाचनावर एक शंका, @मध्यमान. ते सात वाक्यांतून पाच निवडायचा प्रकार म्हणे असतो?

मध्यमान

हो. उताऱ्यात पाच जागा रिकाम्या, खाली सात वाक्यं, दोन फसवी. वाक्याला वाक्य कसं जोडलंय हे त्यात खरंच मोजलं जातं, मला तो प्रश्न आवडतो. दोष एवढाच की एक वाक्य चुकीच्या जागी गेलं की त्याची खरी जागाही गेली. एका चुकीचे पाच गुण जातात. आमच्या भाषेत प्रश्न एकमेकांवर अवलंबून, आणि ते असू नयेत.

तिखटमीठ

मला मात्र त्या पेपरातला वेगळाच प्रश्न आवडला. एक गोष्ट देतात, साधारण साडेतीनशे शब्दांची, आणि ऐन रंगात तोडतात. पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं दिलेली असतात, बाकी आपण लिहायचं. पंचवीस गुण. गोष्ट कळली नसेल तर पुढे लिहिणार काय? हे २०१६ला ह्याच झेजियांगमध्ये सुरू झालं आणि मग बाकी ठिकाणी गेलं. चेरी ह्यात खुलते. अर्थात बाईंनी त्याचेही साचे दिलेत. ‘तिच्या गालांवरून अश्रू ओघळले’ आणि ‘सूर्यकिरण खिडकीतून आत आले’ ही वाक्यं कुठल्याही गोष्टीला लागतात म्हणे. गेल्या महिन्यात हरवलेल्या कुत्र्याच्या गोष्टीतही सूर्यकिरण खिडकीतून आले. कुत्रा जंगलात होता.

अक्षर मात्र बघण्यासारखं. हपेई प्रांतात हंगश्वेई म्हणून शाळेचं प्रसिद्ध गाव आहे, तिथल्या पद्धतीचं इंग्रजी अक्षर सगळी मुलं गिरवतात. गोल, सरळ, छापल्यासारखं, कारण पेपर स्कॅन करून पडद्यावर तपासतात. चेरीची वही आणि तिच्या मैत्रिणीची वही मला वेगळ्या ओळखता येत नाहीत.

चकली

आणि मग चहाचं काय झालं शेवटी?

तिखटमीठ

उशीर झाला, कंटेनरची गडबड होती. @चकली, चहा आता पहिल्या फटक्यात कळतो. ‘शुगर?’ विचारलं की ‘नऊ पौंड पंधरा’ म्हणते आणि स्वतःच हसते.

मध्यमान यांचं वाचून एक प्रयोग केला, तो सांगते आणि थांबते. परवाच्या रविवारी मी २०२३च्या पेपरातला डी उतारा काढला आणि प्रश्नांचं पान फाडून ठेवलं. म्हटलं, आज नुसतं वाचायचं. चेरीला कसंनुसं झालं. दोनदा विचारलं, रेघ कशाखाली मारू? उतारा फ्रान्सिस गाल्टनच्या १९०७ सालच्या लेखापासून सुरू होतो. खूप जणांनी आपापल्या मनाने अंदाज केला तर त्यांची सरासरी खऱ्या आकड्याच्या जवळ जाते, आणि छोट्या गटांनी आपसात बोलून अंदाज ठरवला तर आणखी जवळ, असं काहीतरी. पाऊण तास लागला. एरवी ती आठ मिनिटांत उरकते.

वाचून झाल्यावर म्हणाली, हे खरं आहे का?

चार महिन्यांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न ज्याला पर्याय नव्हते. मी फडताळातली शेंगदाण्यांची बरणी आणली. चेरी ४५०, मी ६००, नवरा ९०० (ह्यांचे अंदाज नेहमीच घाऊक), वांगबाईंना बोलावलं तर त्या बरणी हातात घेऊन वजन करून म्हणाल्या ३८०. सरासरी ५८२ आणि वर अर्धा. मग चौघांनी मिळून ठरवायचं ठरलं. वांगबाई चिनीत, मी इंग्रजीत, नवरा मोडक्या चिनीत, आणि मधे चेरी दोन्हीकडचं इकडून तिकडे पोचवतेय, न अडखळता. आई तिच्याकडे बघत राहिली होती. ठरलं ५२०.

टेबलावर ओतून दहा-दहाचे ढीग केले. पन्नास ढीग झाले, बरणीत अजून मूठभर होते, तेवढ्यात पावणेपाच वाजले आणि शाळेची बस. चेरी ते उरलेले मूठभर घेऊनच पळाली. म्हणाली, बसमध्ये मोजून कळवते.

मध्यमान

आकडा आला की लगेच टाका.

तिखटमीठ

आला. ‘सॉरी आंटी. आय एट.’